एक बोट रेती

आधी तिने वरचा ओठ दुमडला.
मला वाटलं, ओहोटी आहे, खाडीचा वास आला असेल.
मग मागचा पाय पोटाकडे उचलून
नसलेली माशी हाकलली.
मग मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिलं,
तिथून कुणी हाक मारल्यासारखं.

घोडं ओरडत नाही. वळून बघतं.
एवढं शिकायला मला अकरा वर्षं लागली
आणि एक घोडा.

रेतीबंदरावर आमचा तबेला म्हणजे
चार पत्रे, एक नळ, दोन घोड्या,
खुंटीला गोणीत बांधलेली जरीची झूल.
उद्या कोपरीला वरात होती. अर्धे पैसे घेतलेले,
ते संपलेलेही.

खांबेटे डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
जबड्याखाली बोट सरकवा, नाडी मोजा.
छप्पन्न.
हिरडी दाबून सोडा.
पांढरा ठसा गुलाबी होईतो तीनपर्यंत आकडे झाले.
लीद?
दुपारपासून नाही.
चारा उचला समोरचा. थोडं फिरवा.
शांत आडवी झाली तर होऊ द्या,
लोळायला लागली तरच उठवा.

आमच्यात उलटं सांगतात, घोडं बसलं की गेलं.
लख्याला आम्ही रात्रभर ओढत चालवलं होतं.
तो उभ्याउभ्याच गेला.

कापशीला घेऊन मी फिरले,
गंजलेल्या पंपापासून उलट्या होडीपर्यंत आणि परत.
पारसिकच्या अंगाला दिवे. तिच्या मानेला घाम,
थंड, वंगणासारखा.
रमजू मागून कंदील धरून, गप्प.
तो गप्प असला की मला भीती वाटते.

दोनला बाई आल्या, स्कूटरवर, पायात बादली.
पोटाच्या अगदी खाली नळी टेकवली,
डोळे मिटले,
मग ती माझ्या कानाला लावली. ऐका.

लाट येत होती.
येत होती, आणि रेतीवरून सरसरत परत जात होती.

समुद्र ना? ती रेती आहे, बाई म्हणाल्या.
चारा जमिनीवर टाकता का?

गव्हाण होळीच्या आसपास मोडली.
सुतार बाराशे म्हणाला. मी म्हटलं, बघू.

बाबा याच खाडीत डुबी मारायचे,
बादली घेऊन तळाला जायचे, भरून वर यायचे.
रात्री कान झटकले की उशीवर रेती.
भातात दाताखाली कच्च झालं की म्हणायचे,
खा, आपल्याही पोटात एक इमारत होऊ दे.
धंदा बंद पडला. बाबा गेले.
रेती इथंच राहिली, तबेल्याच्या जमिनीत,
कडब्याच्या खाली.

रमजूने तिच्या ओठाला दोरीचा पीळ दिला,
बाईंनी नाकातून नळी सरकवली,
मी बादली उंच धरली. तेल उतरत गेलं.
हात भरून आले तरी खाली करवेनात.

पहाटे पाच वाजता
तीन गोळ्या पडल्या, लहान, तेलकट.
देवापुढे नारळ फुटल्यावर वाकतात
तशी मी वाकले, आणि उचलल्या.

बाटलीत पाणी, पाण्यात लीद, हलवून ठेवली.
गढूळ वर राहिलं. तळाशी
एक बोट रेती.

पुढे इसबगोल. मेडिकलवाल्याने सगळी पाकिटं काढली,
वर विचारलं, घरी एवढा कुणाला त्रास?
कोपरीचा नवरदेव गाडीतून गेला.
त्याचे पैसे मी दोन हप्त्यांत फेडले,
दुसऱ्या हप्त्याला त्याच्या आईने पेढा दिला, न बोलता.

गव्हाण झाली. बाराशेची सोळाशे झाली.
कापशी तिच्यात तोंड घालते, खाते,
आणि शेवटी, सवयीने, मान खाली घालून
सांडलेले दाणे जमिनीवर शोधते.

मी केरसुणी घेऊन आधीच तिथं बसलेली असते.